जिवंत स्फॅग्नम मॉस दर उन्हाळ्यात का मरतं? गोव्यातल्या ऑर्किडवाल्यांसाठी

तक्रार दरवर्षी तीच असते आणि साधारण त्याच दिवसांत येते. पावसाळ्यात ट्रेमध्ये लावलेलं जिवंत स्फॅग्नम मॉस, म्हणजे ऑर्किडच्या मुळांभोवती घालतात ते पाणी धरून ठेवणारं मॉस, चवथीपर्यंत चांगलं धरतं, दिवाळीत बघत राहावं इतकं हिरवं असतं, तुळशीच्या लग्नानंतर वाढ मंदावते, शिगम्याच्या सुमाराला शेंडे फिकट पडू लागतात आणि मे महिन्यात अख्खा ट्रे तपकिरी नाहीतर काळा. मग जूनमध्ये नवीन पाकीट, नवीन ट्रे आणि पुन्हा तेच. ज्यांनी ज्यांनी हे अनुभवलंय त्यांतले बहुतेक जण दोष उकाड्याला देतात. थंड मुलखातली वनस्पती, गोव्यात कशी जगणार, असं म्हणून सोडून देतात.

उकाड्याचा हात आहे, नाही असं नाही. पण माझं ठाम मत आहे की आपल्याकडचं बहुतेक मॉस पाण्यामुळे मरतं. पाणी कमी पडलं म्हणून क्वचित, चुकीचं पाणी घातलं म्हणून बहुतेक वेळा. उकाडा शेवटचा धक्का देतो एवढंच. हा फरक मी एवढा लावून धरते, कारण मे महिन्याचं तापमान आपण बदलू शकत नाही, पण ट्रेमध्ये कुठलं पाणी जातं ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

(खाली ‘मॉस’ म्हणजे स्फॅग्नम आणि ‘शेवाळ’ म्हणजे साचलेल्या पाण्यावर येणारं हिरवं बुळबुळीत, असं समजून वाचा.)

आधी मॉस नीट बघा

‘मॉस मेलं’ म्हणून जे फोटो पाठवले जातात त्यांत निरनिराळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. म्हणून काही करण्याआधी ट्रेच्या मधला एक धागा चिमटीत धरून हळूच वर ओढा आणि उजेडात बघा. भिंग असेल तर उत्तम.

निरोगी धाग्याच्या टोकाला एक गच्च डोकं असतं. बारीक बारीक फांद्या एकमेकींना चिकटून तारकेचा आकार झालेला असतो. बोटाने दाबलं की पाणी वर येतं, सोडलं की परत आत जातं. डोक्याखाली काही सेंटिमीटर फिकट हिरवं, त्याखाली गवती रंगाचं आणि तळाशी तपकिरी. स्फॅग्नमला मुळं नसतात. ते शेंड्याने वाढत जातं आणि खालून मरत जातं, हा त्याचा स्वभावच आहे. वर हिरवं आणि खाली तपकिरी असेल तर तुमचं मॉस ठणठणीत आहे. पुष्कळ जण कुंडीच्या पारदर्शक बाजूतून तपकिरी रंग बघून घाबरतात आणि चांगलं मॉस फेकून देतात. तसं करू नका.

काळजी करायची ती उलटं दिसलं तर. म्हणजे वरचं डोकं तपकिरी आणि खाली अजून थोडं हिरवं. याची दोन कारणं असतात, ऊन आणि क्षार. उन्हाने भाजलेलं मॉस एका बाजूला, जिथे ऊन लागतं तिथेच, आणि एक-दोन दिवसांत पांढुरकं, कागदासारखं कोरडं होतं. क्षारांनी मरणारं मॉस सगळ्या ट्रेभर, आठवड्यांच्या हिशेबाने, ओलं असतानाच खराब होत जातं. डोकी आधी लहान होतात, मग फांद्यांची टोकं गंजासारखी तांबूस होतात, मग मधला कोंब. शंका असेल तर चार डोकी काढून पावसाच्या पाण्याच्या वाटीत रात्रभर ठेवा. नुसतं सुकलेलं डोकं फुगतं आणि मधला हिरवा रंग पुन्हा दिसतो. क्षारांनी मेलेलं डोकं ओलंचिंब होऊनही तपकिरीच राहतं.

तळातून काळं पडत वर येत असेल आणि नाकाला उग्र वास येत असेल, तर पाणी साचून, तापून, त्यातला प्राणवायू संपलाय. आणि डोक्यांवर हिरवा चिकट थर असेल तर ते शेवाळ. त्याचं मूळ बहुधा खतात असतं. त्याबद्दल पुढे सांगते.

पिळून बघायची चाचणी

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर काही शे रुपयांत मिळतो. ऑर्किड आणि मॉस दोन्ही ठेवणाऱ्याने तो घ्यावाच. कुठलंही औषध किंवा खत घेण्याआधी घ्यावा. ट्रेच्या दोन-तीन जागांहून थोडं थोडं मॉस उचलून स्वच्छ वाटीत पिळा आणि त्या पाण्यात मीटर बुडवा. नळाचं किंवा पिंपातलं पाणी मोजून काम होत नाही. मॉसच्या आतलं पाणी मोजायचं.

माझा ठोकताळा असा: पिळलेलं पाणी ५० पीपीएमच्या (लिटरला ५० मिलिग्रॅम क्षारांच्या) खाली असेल तर पाण्याला दोष देऊ नका, दुसरीकडे शोधा. १००च्या आसपास असेल तर सावध व्हा. १५०च्या वर गेलं असेल तर गुन्हेगार सापडला. शिगम्याच्या दिवसांत ‘फिकट पडतंय’ म्हणून तक्रार असलेले ट्रे पिळून बघितले की आकडा बहुधा या तिसऱ्या गटात असतो.

क्षार वर का साठतात

स्फॅग्नमच्या पानांत दोन प्रकारच्या पेशी असतात. हिरव्या पेशी अरुंद आणि जिवंत. त्यांच्यामध्ये मोठ्या, पोकळ, मेलेल्या पेशी असतात, त्यांना बारीक छिद्रं असतात. पाणी धरून ठेवायचं काम या पोकळ पेशींचं. म्हणूनच सुकं मॉस स्वतःच्या वजनाच्या १६ ते २० पट पाणी धरतं. पेशींच्या भिंतींमधली आम्लं पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पकडतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात, त्यामुळे आजूबाजूचं पाणी आंबट होतं. दलदलीत मॉसभोवतीचा सामू (पीएच) ४च्या आसपास असतो. त्या आंबटपणात जिवाणू फारसे वाढत नाहीत. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला स्फॅग्नम वापरलं गेलं ते त्याच्या शोषून घेण्याच्या ताकदीमुळे आणि या आंबटपणामुळे, आणि ऑर्किडच्या नाजूक रोपांची मुळं त्यात सहसा कुजत नाहीत त्यातही या आंबटपणाचा हात आहे.

पण हीच रचना क्षारांच्या बाबतीत अंगाशी येते. मॉस समईतल्या वातीसारखं खालचं पाणी वर ओढतं आणि शेंड्याशी हवेत सोडतं. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे उरतात, आणि ते उरतात नेमके त्या जागी जिथे मॉसची सगळी वाढ चाललेली असते. मूळ नाही, चाळणी नाही. जे आलं ते थेट पानाच्या पेशींवर.

हिशेब करून बघा. ३० बाय ४५ सेंटिमीटरचा एक ट्रे. आपल्याकडच्या कोरड्या महिन्यांत ओल्या पृष्ठभागावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर या ट्रेला रोज साधारण ७०० मिलिलिटर लागतं. पाणी १५० पीपीएमचं असेल तर रोज १०० मिलिग्रॅमच्या वर क्षार आत जातात आणि बाहेर काहीच जात नाही. महिन्याला ३ ग्रॅम. ट्रेमध्ये एकूण ४ लिटर पाणी मुरलेलं असेल तर एका महिन्यात त्याचा टीडीएस साडेसातशेच्या वर चढतो. १५० पीपीएमचं पाणी माणसाला प्यायला अगदी गोड. म्हणूनच कुणाला संशय येत नाही. ऑक्टोबरात सुरू केलेलं हे पाणी डिसेंबरपर्यंत मॉस कसंबसं सोसतं, आणि मार्चमध्ये वाफ वाढली की कोसळतं. दोष मात्र मार्चच्या उन्हावर जातो.

पावसाळ्यात हा प्रश्न का येत नाही तेही यातून कळतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने आभाळच ट्रे धुऊन काढत असतं.

गोव्यातलं कुठलं पाणी चालतं

नळाचं पाणी. त्यात क्लोरीन असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की ते बऱ्यापैकी उडतं, पण क्षार उडत नाहीत. उकळून गार करून घालणारेही आहेत. उकळल्याने पाणी आटतं, म्हणजे क्षार आणखी दाट होतात. मीटरवर ५०च्या खाली आलं तरच नळाचं पाणी वापरा, आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा. एकाच नळाचा आकडा ऋतूप्रमाणे हलतो.

विहीर. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी पुष्कळदा मऊ आणि किंचित आंबट असतं, मॉसला आवडेल असं. डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला ज्यांच्या परसात अशी विहीर आहे त्यांनी आधी तिचंच पाणी मोजावं. पण ऑगस्टचा आकडा एप्रिलमध्ये धरून चालू नका. किनारपट्टीच्या विहिरींत उन्हाळ्यात खारं पाणी शिरतं, जिभेला कळायच्या आधी मॉसला कळतं. बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी न मोजता घालूच नये.

आरओ, म्हणजे घरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं पाणी. इथे एक फसगत आहे. मडगावच्या एका ताईंनी सांगितलं की त्या पहिल्यापासून फक्त आरओचं पाणी घालतात, तरी मॉस गेलं. त्यांना नळीखाली मीटर धरायला सांगितला तर आकडा १३०. घरगुती यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो कंट्रोलर बंद करून देतो, पण मग ते पाणी प्यायला बेचव लागतं आणि घरात कुरबूर होते. त्यापेक्षा मिनरलच्या नळकांड्याच्या आधीच्या नळीतून मॉससाठी वेगळी तोटी काढून घेणं बरं. आरओचं टाकाऊ पाणी चुकूनही नको. जे क्षार यंत्राने काढले ते सगळे त्यातच असतात.

एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मीटरवर सुरेख दिसतं. पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीने भरलेल्या जाळीवरून आलेलं असतं, आणि तांबं मॉसला फार थोड्या प्रमाणातही बाधतं. अडीअडचणीला, पावसाच्या पाण्यात मिसळून घातलं तर चालेल. कायमचं नको.

उरलं पावसाचं पाणी, आणि आपल्यासारख्या मुलखात खरं उत्तर तेच. वरच्याच ट्रेचा हिशेब पुढे न्या. रोज ७०० मिलिलिटर, ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत साधारण २३० दिवस, म्हणजे १६० लिटर. एका ट्रेला २०० लिटरचं एक पिंप पुरून उरतं. आणि ते भरायला किती पाऊस लागतो? एक चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. जुलैत असा दिवस आपल्याकडे नवलाचा नाही. दोन चौरस मीटर प्लॅस्टिक ताणून बांधलं तर अशा एका दिवसात पिंप भरतं. एवढं पाणी डोक्यावरून वाहून जात असताना मे महिन्यात मॉस नळाच्या पाण्यावर मरावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

साठवताना काय बघायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच पाणी बिघडतं. मृगाचे पहिले काही पाऊस सोडून द्या, त्यांत हवेतली धूळ आणि छपरावरची घाण असते. कौलांच्या पागोळ्यांचं पाणी चालतं, मात्र कपड्यातून गाळून घ्या. जस्ताच्या पत्र्यावरचं पाणी घेऊ नका, जस्तही मॉसला मारक आहे. सिमेंटच्या नव्या टाकीत साठवू नका, त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि सामू वर जातो. प्लॅस्टिकचं निळं किंवा काळं पिंप घ्या आणि सावलीत ठेवा, उजेड लागला की आत शेवाळ येतं. पिंप आधी कशाचं होतं ते विचारून घ्या, रसायनाचं असेल तर नको. तोंडावर मच्छरदाणीचं कापड आणि वर घट्ट झाकण. उघडं पिंप म्हणजे डासांची पैदास, आणि डेंगी-मलेरियाच्या दिवसांत मॉससाठी शेजाऱ्यांना त्रास देणं बरोबर नाही. समुद्राला अगदी लागून घर असेल तर वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात. तिथे पिंप भरताना मीटर लावाच.

तुमचं मॉस आत्ताच बिघडलेलं असेल आणि चांगलं पाणी हाताशी असेल, तर ट्रे तिरका करून वरून सावकाश पाणी ओता, खालून निघून जाऊ द्या, आणि निथळलेलं पाणी मोजत राहा. आकडा ५०च्या खाली येईपर्यंत ओता. हिवाळ्या-उन्हाळ्यात महिन्यातून एकदा असं धुणं हा निम्मा इलाज आहे.

आता उकाडा

स्फॅग्नमला १५ ते २५ अंशांत सगळ्यात बरं वाटतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी ३३-३४ आणि रात्रीही २६च्या आसपास. त्या दिवसांत वाढीची अपेक्षा ठेवू नका, टिकवायचं एवढंच. पाणी शुद्ध असेल तर हे तापमान ते सोसतं. ओल्या फडक्याने किंवा माठाने गारवा आणण्याची युक्ती देशावर जशी चालते तशी इथे चालत नाही, कारण हवेतच दमटपणा असतो आणि वाफ सावकाश होते.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती मासळीची थर्मोकोलची पेटी. बाजारात रिकाम्या पडलेल्या असतात. पांढरी, जाड भिंतीची, आतलं पाणी दुपारी पटकन तापू देत नाही. फक्त ती आधी बर्फाच्या आणि मासळीच्या खाऱ्या पाण्यात राहिलेली असते, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायची आणि शेवटच्या पाण्यात मीटर बुडवून खात्री करायची. मग तळापासून ३ सेंटिमीटरवर बाजूला एक भोक पाडायचं. तळात थर्मोकोलचे तुकडे, त्यावर ८-१० सेंटिमीटर मेलेलं लांब धाग्याचं मॉस आणि वर जिवंत डोकी. भोकाच्या वर पाणी साचत नाही, त्यामुळे डोकी कधी बुडत नाहीत आणि तळही सडत नाही. काळ्या प्लॅस्टिकचा उथळ ट्रे दुपारच्या उन्हात ठेवला तर पाणी हाताला चटका देतं. मी वर जो काळा, वास येणारा प्रकार सांगितला तो बहुधा अशाच ट्रेमध्ये होतो.

जागा पूर्वेची. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन, नंतर ५० ते ७५ टक्क्यांची शेडनेट. पेटीवर काच किंवा प्लॅस्टिक झाकून उन्हात ठेवू नका, आत मॉस शिजतं. ज्यांच्याकडे कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे. पोफळींच्या सावलीत, पाटाच्या पाण्याजवळ मे महिन्यातही हवा गार असते. फक्त तिथला एक धोका लक्षात ठेवा, तो खाली पावसाळ्याच्या भागात सांगितला आहे.

मॉसला मारणारी आपलीच माया

पाणी ठीक, सावली ठीक, तरी मॉस जातंय, असं असेल तर खत बघा. जिवंत मॉसमध्ये ऑर्किड लावताना ही अडचण येतेच: ऑर्किडला जे हवं ते मॉसला नको असतं. १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम घातलं की पाणी १००० पीपीएमच्या आसपास जातं. पाव ग्रॅमनेही २५०. ऑर्किड त्यावर खूश, मॉस जळणार. आणि जे उरेल त्यावर शेवाळ माजणार, कारण खत मिळालं की शेवाळ मॉसपेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. डोक्यांवर हिरवा चिकट थर दिसला की खत पूर्ण थांबवा, तो थर डोक्यांसकट कातरून टाका, पावसाच्या पाण्याने धुवा आणि पाण्याची पातळी खाली उतरवा.

जिवंत मॉसच्या कुंडीत खत घालायचंच तर लिटरला दशांश ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुणं. शेणाचं पाणी, जीवामृत, मासळी धुतलेलं पाणी, हे कढीलिंबाला आणि गुलाबाला घाला. मॉसजवळ आणू नका.

दुसरी गोष्ट नारळाच्या सोडणाची. आपल्या घरात ती फुकट असते, म्हणून तुकडे करून मॉसमध्ये मिसळण्याचा मोह होतो. सोडणात पोटॅशियमचे आणि सोडियमचे क्षार भरपूर असतात आणि ते महिनोन्महिने झिरपत राहतात. डेंड्रोबियमला सोडण छान, पण ती कुंडी वेगळी. मॉसमध्ये भर हवीच असेल तर थर्मोकोलचे तुकडे किंवा धुतलेला कोळसा घाला.

आणि कुठलं ऑर्किड मॉसमध्ये लावायचं, हेही. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमधून (बंद बाटलीतून) काढलेली इवली रोपं, पॅफिओपेडिलम, मुळं गमावलेली फॅलेनॉप्सिस यांना जिवंत मॉस वरदान आहे. मॉस वाढून रोपाच्या गाभ्यावर चढू लागलं की कात्रीने छाटत राहायचं. वांडा, मोकारा आणि बहुतेक डेंड्रोबियम यांना आपल्या पावसाळ्यात मॉसमध्ये ठेवलं तर मुळं गुदमरतात. फणसाच्या खोडावर आपसूक फुलणाऱ्या सीतेच्या वेणीला मॉस बांधायची गरजच नाही, तिची मुळं उघड्या वाऱ्याची आहेत. माझी पद्धत अशी की मॉसची रोपवाटिका आणि ऑर्किडच्या कुंड्या वेगळ्या. पेटीतलं मॉस कधीच खत चाखत नाही. कुंडीतलं मॉस उन्हाळ्यात गेलं तरी पेटीतून नवी डोकी कातरून वर लावता येतात.

पावसाळ्यातल्या कुरबुरी

जून ते सप्टेंबर मॉस खूश असतं, पण चार गोष्टींवर लक्ष ठेवा. पागोळ्यांखाली पेटी ठेवली तर धारेने खड्डे पडतात. शेडनेटखाली ठेवली की थेंब फुटून पडतात. चिऱ्याच्या भिंतीवरचं साधं मॉस आणि चपट्या पानांचं लिव्हरवर्ट पेटीत बी-बीज नसताना उगवतं आणि स्फॅग्नमला दाबून टाकतं. दर आठवड्याला चिमट्याने काढा. काही जण ते भिंतीवरचंच मॉस खरवडून ‘आपलं गावठी स्फॅग्नम’ म्हणून कुंडीत भरतात. ते स्फॅग्नम नाही, त्याला त्या पोकळ पेशी नाहीत आणि ते तसं पाणी धरत नाही. भारतात स्फॅग्नम मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतं. आपल्याकडे पाकिटातून येतं ते बहुतेक न्यूझीलंड किंवा चिलीचं. अभयारण्यातून मॉस किंवा ऑर्किड उपटून आणणं हा तर गुन्हाच आहे.

गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचा. मिठाची चिमूट टाकायची आपली जुनी सवय इथे महागात पडते. गोगलगाय एक मरेल आणि मॉसचा वीतभर भाग जाईल.

आता कुळागराचा धोका. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर आणि मध्ये पुन्हा एकदा बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद असतो, म्हणजे तांबं. फवारा पेटीवर उडाला किंवा पोफळीवरून पाऊस ओघळून पेटीत पडला की मॉस काही दिवसांत तपकिरी होतं आणि कितीही धुतलं तरी परत येत नाही. फवारणीवाला कधी येणार ते आधी विचारून पेट्या हलवा, नंतरचे दोन-चार मोठे पाऊस होऊन जाऊ द्या आणि मग परत आणा. त्या दिवसांत पोफळीखालच्या छपराचं पाणीही पिंपात घेऊ नका. ऑर्किडवर तांब्याचं बुरशीनाशक मारायचं असेल तर तीच काळजी.

सगळं काळं पडलंय, आता काय?

मे महिना चालू असेल तर काहीही नव्याने लावू नका. बाजूबाजूने बघत जा. कोपऱ्यात, सावलीच्या कडेला, पेटीच्या भिंतीलगत एखाद-दुसरं हिरवं डोकं बहुधा असतंच. ते २-३ सेंटिमीटर लांबीचं कातरून पावसाच्या पाण्यात धुऊन झाकणाच्या पारदर्शक डब्यात, पाकिटातलं सुकं मॉस भिजवून केलेल्या थरावर ठेवा. डबा घरात, खिडकीजवळ पण ऊन लागणार नाही असा, नाहीतर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली १२ तास. झाकण रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर पांढरी बुरशी धरते. मूठभर डोकी एवढी जगवली तरी पुरे. मृग बरसून हवा निवळली की ती धुतलेल्या पेटीत पसरा. डोकी एकमेकांना टेकतील इतकी जवळ ठेवा आणि हाताने हलकेच दाबा. एकेकटं डोकं सुकतं, गर्दीत एकमेकांची ओल टिकते. दोन-तीन महिन्यांत पृष्ठभाग भरून येतो.

वर तपकिरी झालेलं पण खाली धागा टणक असलेलं मॉसही फेकू नका. अशा धाग्यांतून, क्षार धुऊन काढल्यावर, बाजूने बारीक हिरवे कोंब फुटतात. पोपटी टाचणीच्या टोकाएवढे दिसतात. त्यांना अडीच-तीन महिने द्या. सुक्या पाकिटातल्या मॉसमधूनही कधी कधी असे कोंब येतात, पण त्या भरवशावर राहू नका. रंग देऊन हिरवं केलेलं सजावटीचं मॉस तर कधीच फुटत नाही.

जे खरंच कुजलंय, बोटांत धरलं की चिखल होतो, ते कुंडीत पुन्हा वापरू नका. त्यात हवा खेळत नाही आणि मुळं जातात. सुकं मॉसही आपल्या हवेत वर्ष-दीड वर्षात असंच बसतं, म्हणून वर्षातून एकदा कुंडी उपसून बघावी.

हे सगळं करताना हातमोजे घाला, निदान हाताला खरचटलेलं असताना तरी. स्फॅग्नमवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. ती जखमेतून आत गेली तर काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, आणि मग हातावर वर वर एका रेषेत आणखी गाठी येत जातात. यावर औषध आहे, पण डॉक्टरांना कारण सुचायला वेळ लागतो. अशी न भरणारी गाठ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन ‘मी स्फॅग्नम मॉस हाताळते’ हे आधी सांगा.